नवं कार्ड, जुना डबा

ग्राफिक्स कार्ड बदलायचं म्हटलं की आपण आधी किंमत बघतो, मग गेम किती पळतो ते बघतो, आणि कॅबिनेटला फुटपट्टी लावतो ती अगदी शेवटी. माझं जुनं कार्ड १०५० टीआय, २०१६ सालचं. मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर निमूट चालायचं, वेगळी वायरसुद्धा मागायचं नाही. नव्या ३०६०ला १७० वॉट लागतात. स्लॉटचे ७५, आठ पिनांच्या वायरीचे १५०, असा हिशेब बसतो खरा. पण ती वायर यायची कुठून, तर एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायमधून.

आणि पीसी जुळवताना आपल्याकडे पहिली काटछाट होते ती त्यावरच. प्रोसेसर कोणता, रॅम किती, हे चारचौघांत सांगता येतं. पॉवर सप्लायची बढाई मारणारा माणूस मला अजून भेटायचाय. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने मात्र कार्ड काढण्याआधीच विचारलं, ‘‘एसएमपीएस कुठला आहे?’’ कॅबिनेटबरोबर आलेला, असं सांगितल्यावर त्याने काहीही न बोलता कार्डाशेजारी आणखी एक खोका ठेवला. बजेट तिथेच कोलमडलं.

घरी जुनं कार्ड काढताना मागचे दोन स्क्रू सहज निघाले. खरी गोम स्लॉटच्या टोकाला असलेल्या प्लास्टिकच्या खटक्यात. तो दाबल्याशिवाय कार्ड सुटत नाही, आणि तो असतो नेमका कार्डाच्या पोटाखाली, जिथे बोट जात नाही. ज्याने ही जागा ठरवली त्याची बोटं फार नाजूक असावीत. शेवटी आईची विणकामाची प्लास्टिकची सुई कामी आली. पंख्यांवरची धूळ तर गोधडीसारखी एकसंध निघाली.

नवं कार्ड तीन पंख्यांचं, लांबलचक. त्याच्यासाठी हार्ड डिस्कचा पिंजरा काढावा लागला. डिस्क खाली सरकली, वायरी नव्याने बांधल्या, आणि झाकण लागलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते.

जुनं कार्ड विकायला मन होईना, म्हणून भाच्याला दिलं. त्याच्या छोट्या कॅबिनेटमध्ये ते मावतं आणि त्याच्या एसएमपीएसला झेपतंही. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं, थँक्यू म्हटलं, आणि विचारलं, ‘‘मामा, ३०६० कधी जुनं होणार?’’