गाव संस्थानी का खालसा?

भाच्याच्या जात पडताळणीसाठी आमच्या आजोबांचा शाळेचा जुना पुरावा पाहिजे होता, भावाला सुट्टी नाही म्हणून ते काम माझ्याकडं आलं, आणि मला वाटलं दोन चकरांत होईल. सात महिने लागले. म्हणून लिहून ठेवतेय, कुणाच्या तरी चकरा वाचतील.

घरातली ट्रंक उघडली तर प्रत्येक कागदावर पत्ता वेगळा. भाच्याच्या दाखल्यावर ता. पलूस, जि. सांगली. भावाच्या दाखल्यावर ता. तासगाव, जि. सांगली. वडिलांच्या दाखल्यावर ता. तासगाव, जि. दक्षिण सातारा. आणि आजोबांच्या एका अर्जाच्या नकलेवर चक्क 'ता. कुंडल, संस्थान औंध'. गाव तेच, घर तेच, विहीरसुद्धा तीच!

आता मी पुण्यात वाढलेली, औंध म्हटलं की परिहार चौक. ते औंध नाही एवढं कळायची अक्कल होती, पण मग सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं औंध, यमाईचं, तिथलं असणार म्हणून सुट्टी काढून तिकडं गेले. यमाईचं दर्शन झालं, भवानी संग्रहालय बघितलं (ते मात्र खरंच बघा), आमच्या आडनावाचं तिथं कुणी नाही. परत आले.

मग एका कचेरीत गेले, तिथनं दुसऱ्या कचेरीत पाठवलं, तिथनं परत पहिल्या. रेकॉर्ड रूमच्या बाहेर तेव्हा कुणबी नोंदी शोधणाऱ्यांची ही गर्दी. तिसऱ्या चकरेला एक निवृत्तीला आलेले काका भेटले, त्यांनी कागद हातात पण घेतला नाही, आधी एवढंच विचारलं, "ताई, तुमचं गाव संस्थानी का खालसा?"

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी चहा पीत पीत जे सांगितलं ते मला आधी माहीत असतं तर निम्मी पायपीट वाचली असती. इंग्रजांच्या ताब्यातला मुलूख तो खालसा, राजाचा तो संस्थानी. आणि औंध संस्थान म्हणजे सलग जमीन नव्हतीच, एकूण ७२ गावं, ती पण तुकड्या तुकड्यांनी. औंध, आटपाडी, कुंडल हे तुकडे इकडं आणि गुणदाळ थेट विजापूरकडं. मधे सगळा इंग्रजांचा सातारा जिल्हा. म्हणजे आमचं गाव औंध संस्थानातलं, पण औंधपासून लांब, कुंडलकडचं. १९४८ ला संस्थान विलीन झालं, १९४९ ला सातारा जिल्हा तोडून आणि आसपासची संस्थानं घालून दक्षिण सातारा केला, १९६० ला त्याचं नाव सांगली झालं आणि १९९९ ला पलूस तालुका निघाला. आमचे लोक जागचे हलले नाहीत, पाट्या बदलत गेल्या.

त्या दिवशी घरी येऊन १८८५ चं सातारा गॅझेटियर ऑनलाइन उघडलं, फुकट मिळतं. पण त्यात तालुक्यांच्या यादीत कुंडल शोधत बसू नका, तिथं खालसा तालुके आहेत, संस्थानांचं वेगळं बघायला लागतं. मी दोन रात्री चुकीची पानं वाचली.

खरी मजा पुढं आली. घरातल्या ज्या गोष्टी आम्ही थापा समजत होतो त्या एकेक करून जागेवर बसायला लागल्या. आजोबा ऐंशीव्या वर्षीसुद्धा पहाटे सूर्यनमस्कार घालायचे, आम्हाला वाटायचं देवभक्ती. तर औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे एवढे वेडे की संस्थानच्या शाळांत पोरांना ते घालायलाच लावायचे. एका पोस्टकार्डावर 'कुंडल रोड' लिहिलेलं, मी गुगल मॅपवर तो रस्ता शोधत होते, निघालं रेल्वे स्टेशन! आजचं किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये राजांनीच तिथल्या माळावर जागा दिली, आणि आमचे चुलत आजोबा पुढं तिथंच कामाला. आणि आजी सांगायची की बेचाळीसनंतर पोरं रात्री ओढा ओलांडून आली की पोलीस मागं फिरायचे. वडील हसायचे. ओढ्यापलीकडं खालसा, अलीकडं संस्थान, आणि इंग्रजी पोलिसांना संस्थानात सरळ घुसता यायचं नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला कुंडल भागात बळ मिळालं त्यात ह्याचाही हात होता. आजीला हे ऐकवायला पाहिजे होतं.

पुरावा शेवटी कचेरीत नाही, गावच्या शाळेतच सापडला. हेडमास्तरांनी कपाट उघडलं, जनरल रजिस्टर, वाळवीनं कडा खाल्लेल्या, पण आजोबांची ओळ शाबूत. नावात एक काना जास्त, जन्मतारीख अर्थातच १ जून, शाळा सोडल्याचं कारण 'घरकाम'. साक्षांकित नक्कल घेतली, फाईल गेली.

थांबायला हवं होतं, पण आता चटक लागलेली. सुगी झाल्यावर हेळवी आला, आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या येतो, वहीतनं घराण्याची नावं वाचतो, धान्य घेऊन जातो. लहानपणी आम्ही फक्त त्याचा नंदी बघायचो. ह्यावेळी समोर मोबाईल ठेवून रेकॉर्डिंग केलं. नऊ पिढ्या म्हणाला. साल एकही नाही, फक्त पाचव्या नावाला थांबला आणि म्हणाला, "हे दुष्काळात जतकडनं आल्यात." पिढ्या मोजल्या तर तो १८७६-७७ चा मोठा दुष्काळ असावा, हा माझा अंदाज. जत म्हणजे परत संस्थान, डफळ्यांचं.

काकांना फोन लावला. ते म्हणाले, "मग आता तिकडचं गाव कुठलं ते विचारा आधी." हेळवी परत पुढच्या सुगीला येणार.