रोमहून बोट, अथेन्सहून विमान : मधल्या जोडण्यांचा हिशेब

पुण्याच्या रेल्वे आरक्षण कार्यालयात मी ३१ वर्षे खिडकीवर बसले. एका गाडीतून उतरून वीस मिनिटांत दुसरी गाडी पकडायची आहे, असे सांगणारा प्रवासी समोर आला की मी त्याला आधीच्या गाडीचे तिकीट सुचवत असे. काही जण ऐकत, काही ऐकत नसत. रेल्वेत निदान मागून दुसरी गाडी येते. बोट एकदा धक्क्यावरून सुटली की पुढच्या बंदरापर्यंत तिला गाठायचा मार्ग उरत नाही, आणि तिथवर जायचा सगळा खर्च आपल्याच पदराला पडतो. म्हणून २०२४ च्या सप्टेंबरात आमची भूमध्य समुद्रातली सफर ठरली, तेव्हा बोटीवरच्या सुखसोयींची पत्रके मी बाजूला ठेवली आणि बोटीच्या आधीचे व नंतरचे दिवस कागदावर मांडायला घेतले.

आम्ही तिघे होतो : मी, माझे यजमान आणि माझ्या थोरल्या नणंदबाई, ज्यांना मी वन्सं म्हणते. त्यांचे वय ७१, राहणे साताऱ्याला, गुडघे दुखरे आणि उत्साह आम्हा दोघांपेक्षा अधिक. बोट सोमवारी, २३ सप्टेंबरला संध्याकाळी रोमहून सुटणार होती आणि नेपल्स, मेस्सिना, सान्तोरिनी, तुर्कस्तानातील कुशादासी, मिकोनोस असे करीत ३० तारखेच्या पहाटे अथेन्सच्या पिरेअस बंदराला लागणार होती. कंपनीकडून आम्ही फक्त बोटीचे तिकीट घेतले. विमान, हॉटेले, बंदरापर्यंत जाणे आणि बंदरातून निघणे हे सारे आमचे आम्ही पाहणार होतो. घरच्या बाजूनेही दोन तारखा पक्क्या होत्या. १७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, त्यामुळे विसर्जनाच्या गर्दीत मुंबईचा रस्ता धरायचा नाही हे आधीच ठरले. आणि ३ ऑक्टोबरला घटस्थापना होती. त्या दिवशी सकाळी वन्संना साताऱ्याच्या देवघरात असणे भागच होते.

सर्वात आधी बंदर खरोखर कुठे आहे ते पाहावे लागते. आमच्या तिकिटावर ‘रोम’ असे ठसठशीत छापलेले होते, पण रोमचे बंदर म्हणजे चिव्हितावेकिया, शहरापासून सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर. तिकिटावर ‘लंडन’ असले की बोट बहुधा साउदॅम्प्टनला असते आणि ‘पॅरिस’ असले की ल हाव्रला. व्हेनिसच्या बाबतीत तर अधिक जपावे लागते, कारण १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून मोठ्या बोटींना शहराच्या मध्यातल्या सान मार्को चौकासमोरच्या पाण्यात येण्यास बंदी आहे आणि त्यामुळे ‘व्हेनिस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही सफरी प्रत्यक्षात रावेन्ना किंवा त्रिएस्तेहून सुटतात. व्हेनिसला हॉटेल घेतल्यावर हे कळले, तर सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

हिशेब मी नेहमीप्रमाणे शेवटाकडून मागे मांडला. बोटीवर चढण्याची मुदत सुटण्याच्या वेळेआधी दीड तास संपते, असे आमच्या कागदांत लिहिले होते. म्हणजे बोटीची खरी वेळ तीच, छापलेली नव्हे. तिथून मागे धक्क्यावरची बस, त्यामागे आगगाडी, त्यामागे विमानतळावरील पासपोर्टची रांग आणि सामानाचा पट्टा. हे सारे जमेस धरूनही सोमवारी सकाळी रोमला उतरणारे विमान कागदावर बसत होते. माझ्या यजमानांचा कल तिकडेच होता, कारण रोममधल्या दोन रात्रींचे हॉटेल स्वस्त नव्हते. पण त्या साखळीतली एक कडी निसटली तर तिघांची सात दिवसांची सफर हातची जाणार होती, आणि तिच्यापुढे दोन रात्रींचे भाडे फारच लहान होते. आम्ही शनिवारी पोहोचायचे ठरवले.

विमानाचे तिकीट ‘मल्टी-सिटी’ पद्धतीने काढले : जाताना मुंबई ते रोम, येताना अथेन्स ते मुंबई, दोन्ही वेळा आखातात विमान बदलून, पण सगळे एकाच तिकिटावर. आखातापर्यंत एक आणि पुढे दुसरे, अशी दोन वेगळी तिकिटे काढली असती तर थोडे पैसे वाचले असते. मात्र पहिले विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरे चुकले, तर वेगळ्या तिकिटांवर कोणतीही विमान कंपनी पुढची सोय करण्यास बांधील नसते आणि सामानही मधेच उतरवून पुन्हा द्यावे लागते. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. युरोपीय संघाचा विमानप्रवाशांच्या भरपाईचा नियम संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू होतो, पण बाहेरून येताना तो केवळ संघातल्या कंपन्यांच्या विमानांना लागू होतो. आमच्यासारख्याला परतीच्या वाटेवर त्याचा आधार असतो, जातानाच्या वाटेवर नसतो. आणि बोट तर जाताना गाठायची असते.

व्हिसाचे काम मी सर्वात जास्त काळजीने केले. शेंगेन म्हणजे एका सामाईक व्हिसावर आपापसांत ये-जा करू देणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्याचा व्हिसा ज्या देशात सर्वाधिक दिवस राहायचे त्याच्याकडे मागायचा असतो आणि दिवस सारखेच भरले तर जिथून पहिला प्रवेश होतो त्या देशाकडे. बोटीचे थांबे धरून मोजले तेव्हा इटलीचे पाच दिवस आणि ग्रीसचे चार झाले, म्हणून अर्ज इटलीकडे केला. अर्जात एकापेक्षा अधिक प्रवेश मागितले, कारण कुशादासीला उतरलो की आपण शेंगेनबाहेर जातो आणि मिकोनोसला पुन्हा आत येतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असता तर परतीचे दार बंद झाले असते. चालू शेंगेन व्हिसा हाती असलेल्या भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, तो आम्ही नंतर काढला. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण बोट चुकल्यास भरपाई देणारे कलम त्यात आपोआप असते असे समजू नये. ते वेगळे शोधावे आणि कोणत्या कारणांनी चुकल्यास पैसे मिळतात ते शब्द न् शब्द वाचावे.

शुक्रवारी रात्रीच्या विमानासाठी आम्ही दुपारी बारा वाजताच पुणे सोडले. खंडाळ्याच्या घाटात पाऊस होता आणि एका बंद पडलेल्या कंटेनरमागे पाऊण तास गेला, पण घड्याळाकडे कोणाला पाहावे लागले नाही.

शनिवारी दुपारी रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरलो. पासपोर्टची रांग तासाभराची होती. (१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे आता जाणाऱ्यांनी याहून अधिक वेळ हाताशी ठेवावा.) सामानाच्या पट्ट्यावर आमच्या दोन बॅगा आल्या, वन्संची आली नाही. पट्टा रिकामा फिरत राहिला आणि शेवटी थांबला. वन्सं एका खांबाला टेकून उभ्या होत्या. मी जवळ गेले तर त्याच मला म्हणाल्या, ‘‘अगं, औषधं आणि गुडघ्याचा पट्टा माझ्या हातातल्या पिशवीत आहे. साड्यांचं काय एवढं!’’

विमान कंपनीच्या खिडकीवर हरवलेल्या सामानाचा अर्ज भरला. हा अर्ज विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच भरून त्याचा क्रमांक घ्यावा, कारण पुढचा सगळा शोध आणि भरपाईची मागणी त्या क्रमांकावर चालते. अर्जात पत्त्याचा एकच रकाना होता. मी हॉटेलचा पत्ता लिहिला आणि त्याखाली ‘सोमवार सकाळी ८ पर्यंत’ असे लिहून सोबत एक छापील पान जोडले. त्यावर बोटीचे नाव, आमच्या खोलीचा क्रमांक, प्रत्येक बंदराची तारीख आणि त्या बंदरातील बोटीच्या एजंटचा पत्ता होता. बोटीच्या कागदपत्रांत ही एजंटांची यादी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते आणि बहुतेक जण ती वाचत नाहीत. खिडकीवरच्या बाईंनी ते पान दोनदा वाचले आणि नोंदीला टाचले. बॅग रविवारी रात्री साडेआठला हॉटेलच्या दारात आली. आम्ही सोमवारी सकाळी उतरलो असतो, तर ती बॅग नेपल्स, मग मेस्सिना अशी आमच्या मागे मागे फिरली असती.

हॉटेल मुद्दाम सान पिएत्रो स्थानकाजवळ घेतले होते. चिव्हितावेकियाच्या गाड्या रोमच्या मुख्य टर्मिनी स्थानकातून सुटतात खऱ्या, पण त्यांचे फलाट पार टोकाला आहेत आणि बॅगा ओढत तिथवर दहा मिनिटे सहज लागतात. त्याच गाड्या पुढे ट्रास्टेव्हेरे आणि सान पिएत्रोला थांबतात. सान पिएत्रो हे लहानसे स्थानक व्हॅटिकनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. रविवारी वन्संना सेंट पीटरचा चौक दाखवून दुपारी विश्रांतीला परतता आले. ज्यांना विमानतळावरून थेट बंदर गाठायचे आहे, त्यांनी लिओनार्दो एक्स्प्रेसने टर्मिनीला जाण्याऐवजी साधी लोकल घेऊन ट्रास्टेव्हेरेला गाडी बदलावी. ते स्वस्तही पडते. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घेतल्याशिवाय गाडीत चढू नये, नाहीतर दंड होतो.

इटलीत रेल्वेचे संप होतात, पण ते आधी जाहीर होतात आणि त्यांची यादी तिथल्या वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. संपाच्या दिवशीही, कामाचा वार असेल तर, सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. सोमवारी संप नव्हता, तरीही मी नऊच्या आतली गाडी ठरवून ठेवली होती. बोटीवर चढायची आमची वेळ दुपारी एकची होती. यजमान म्हणाले, ‘‘इतक्या लवकर जाऊन करायचं काय?’’ पण बॅगा घेऊन तेही वेळेवर फलाटावर उभे होते.

गाडीत चढायची पायरी उंच होती. एका तरुणाने न सांगता वन्संची बॅग वर घेतली आणि आमच्याकडे न पाहता पुढे निघून गेला. डावीकडच्या खिडक्यांशी बसलो, कारण समुद्र त्या बाजूला येतो. सांता सेव्हेराचा किल्ला अगदी पाण्याला लागून दिसतो, मग सांता मारिनेल्लाची घरे, आणि मग दूरवर धक्क्याला लागलेल्या पांढऱ्या बोटी. वन्संनी आमची कोणती ते विचारले; मला ते सांगता आले नाही.

चिव्हितावेकियाच्या स्थानकासमोरून थोडे भाडे घेणारी बस लार्गो देल्ला पाचे या बंदराच्या तळावर नेते आणि तिथून बोटीपर्यंतची बस फुकट असते. पाय धड असतील तर समुद्राच्या कडेने मिकेलांजेलोच्या नावाच्या किल्ल्यापर्यंत चालत जाणेही सुखाचे आहे. अकराच्या आधीच आमच्या मोठ्या बॅगा बोटीच्या लोकांच्या ताब्यात गेल्या, आणि उरलेला वेळ आम्ही त्या किल्ल्याच्या सावलीत बाकावर बसून घालवला.

बोटीवरचे सात दिवस हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. जोडण्यांच्या दृष्टीने एकच सांगते : इटलीहून ग्रीसकडे जाताना घड्याळ एक तास पुढे जाते. बोटीवर चालते ती बोटीची वेळ, आणि मोबाईल मात्र किनाऱ्यावरची वेळ पकडतो. आम्ही एक साधे मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेवर लावून ठेवले होते.

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगांना रंगीत पट्ट्या बांधून त्या खोलीबाहेर ठेवायच्या असतात, आणि सकाळी त्या रंगाच्या क्रमाने प्रवाशांना उतरवतात. पासपोर्ट, औषधे आणि सकाळचे कपडे जवळ ठेवावेत. बोट पहाटे धक्क्याला लागली म्हणजे आपण पहाटे मोकळे झालो असे होत नाही. बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत कोणालाच उतरता येत नाही. नाशिकचे एक दांपत्य आमच्या बोटीवर होते, त्यांचे विमान त्याच दिवशी साडेदहाचे होते. सव्वासातला ते जिन्यापाशी उभे होते, पावणेआठला तिथेच होते. पिरेअसहून विमानतळ चाळीसएक किलोमीटरवर आहे. त्यांना विमान मिळाले, पण त्या काकूंचा पांढरा पडलेला चेहरा मला आजही आठवतो. दुपारी बाराच्या आतले विमान बोटीच्या शेवटच्या दिवशी घेऊ नये, हे माझे ठाम मत आहे.

पिरेअसची एक गोष्ट अलीकडे सोपी झाली आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून मेट्रोची तिसरी मार्गिका पिरेअसपर्यंत आली, त्यामुळे बंदराच्या भागातून विमानतळापर्यंत गाडी न बदलता तासाभरात जाता येते. एक्स-९६ क्रमांकाची बस तर रात्रंदिवस चालते. पण पर्यटक बोटींचे धक्के बंदराच्या टोकाला आहेत आणि तिथून मेट्रोपर्यंतचे चालणे वन्संना जमण्यासारखे नव्हते. आम्ही रांगेतली टॅक्सी घेतली आणि अथेन्सच्या मध्यातल्या मोनास्तिराकी स्थानकाजवळच्या हॉटेलात गेलो, कारण तिथून मेट्रो थेट विमानतळाला जाते. खोली तयार नव्हती. बॅगा ठेवून आम्ही ॲक्रोपोलिस संग्रहालयात गेलो. ॲक्रोपोलिसच्या टेकडीवर चढणे वन्संनी स्वतःच नाकारले आणि वरच्या मंदिरातल्या, डोक्यावर छत तोललेल्या त्या स्त्रियांच्या मूळ मूर्तींसमोर त्या बराच वेळ बसून राहिल्या.

विमान दुसऱ्या दिवशी, १ ऑक्टोबरला संध्याकाळी होते. विमानतळाची मेट्रो ३६ मिनिटांनी एक असते, म्हणून हवी होती त्याच्या आधीचीच गाडी आम्ही धरली. मुंबईला २ तारखेच्या पहाटे उतरलो, पुण्याला जेवलो, आणि वन्संचा भाचा त्यांना गाडीने साताऱ्याला घेऊन गेला.

३ तारखेला सकाळी सव्वानऊला त्यांचा फोन आला. मागे घंटेचा आवाज येत होता. ‘‘अगं, बसले बरं का घट,’’ त्या म्हणाल्या, ‘‘माती मात्र काल रात्री शेजारणीनं चाळून ठेवली होती.’’