हरणाऱ्यांचा हिशेब

गणेशोत्सव जवळ आला की सोसायट्यांमध्ये कॅरमचे बोर्ड बाहेर निघतात आणि कुणीतरी फूटपट्टी घेऊन स्पर्धेचा तक्ता आखायला बसतं. समजा 37 नावं आली. हरला तो बाद. एकूण सामने किती? बोर्ड दोनच आणि संध्याकाळी मोजक्या, त्यामुळे हा प्रश्न काही कोड्यातला नव्हे.

नेहमीच्या वाटेने जायचं तर 2, 4, 8 अशा दुपटीतला 37 च्या पुढचा आकडा, म्हणजे 64 चा तक्ता धरायचा. 27 जणांना न खेळताच पुढे चाल, उरलेल्या 10 जणांचे 5 सामने. राहिले 32, मग सामने 16, 8, 4, 2, 1. बेरीज 36. उत्तर बरोबर येतं, पण तोवर चहा गार होतो आणि कुणीतरी अडतिसावं नाव घेऊन उगवतं. खोडरबर कुठंय?

आता जिंकणाऱ्यांचा नाद सोडून हरणाऱ्यांकडे बघा. प्रत्येक सामना एकाला, आणि एकालाच, घरी पाठवतो. शेवटी एक उरायचा, म्हणजे 36 जण घरी जायचे. सामने 36. संपलं! अडतिसावा आला तर 37. विम्बल्डनच्या एकेरीत 128 खेळाडू असतात, तिथे 127.

पण आकडेमोड वाचली, एवढ्यावर मी खूश नाही. हरणाऱ्यांकडे बघायला लागलं की स्पर्धाच वेगळी दिसते. विम्बल्डनचा विजेता 7 फेऱ्या पार करतो, ते सगळ्यांना ठाऊक. पण 64 जण, चक्क निम्मे, पहिल्याच फेरीत बॅग भरतात. त्यांचं एक वेळ ठीक, तो त्यांचा धंदा आहे. सोसायटीत मात्र महिनाभर स्ट्रायकर घासलेला पाचवीतला मुलगा पहिल्याच संध्याकाळी प्रेक्षक होतो आणि उरलेले दिवस दुसऱ्यांच्या सोंगट्या मोजत बसतो. तक्ता आखणाऱ्याचा डोळा अंतिम सामन्याच्या चौकटीवर, त्याला हे पोर दिसणार कसं?

ते दिसलं, की मग सुचतं: दोनदा हरल्याशिवाय कुणी बाद नाही. सामने किती वाढतील? नवा तक्ता नकोच. 36 जणांचे दोन-दोन पराभव, झाले 72. विजेताही मध्ये एकदा हरला असेल, तर 73. म्हणजे जवळपास दुप्पट, आणि प्रत्येकाच्या वाट्याला निदान दोन सामने.

बोरिक पावडरही दुप्पट लागणार. ते खजिनदारांना कुणी सांगायचं, हे मात्र कुठूनही बघितलं तरी सुटत नाही.