डेफिनिशनवर उडी: आधी सर्व्हर, मग टॅग्ज

निओव्हिम या टेक्स्ट एडिटरच्या प्लगिनमध्ये एखाद्या नावावरून त्याच्या डेफिनिशनवर, म्हणजे ते मुळात जिथे लिहिलंय तिथे, उडी मारण्याचा क्रम पक्का झाला. आधी लँग्वेज सर्व्हरला (कोड समजून उत्तरं देणारा वेगळा प्रोग्रॅम) विचारायचं, तिथे काही मिळालं नाही तर सीटॅग्जची फाईल (नावं आणि त्यांच्या जागांची तयार यादी). ग्रेपचा, म्हणजे नुसत्या मजकूर-शोधाचा, पर्याय काढून टाकला. नाव जिथे जिथे वापरलंय त्या सगळ्या ओळी तो समोर टाकतो.

सगळं काम टॅगफंकमधून, म्हणजे टॅग शोधताना एडिटर बोलावतो त्या फंक्शनमधून, होतं. कर्सर थेट आपल्या कोडने हलवला तर टॅग स्टॅकवर (आधीच्या उड्यांची यादी) नोंद होत नाही आणि कंट्रोल-टी दाबून परत येता येत नाही. टॅगफंकमध्ये हे आयतं मिळतं. सर्व्हरचं उत्तर रिकामं असेल तेव्हा मात्र रिकामी यादी नाही, व्हिम.निल ('काहीच नाही' हे मूल्य) परत करा. निल मिळालं तरच एडिटर टॅग्ज फाईल उघडतो.

उत्तर येईपर्यंत टॅगफंक एडिटर अडवून धरतं, म्हणून सर्व्हरला केलेल्या सिंक (उत्तरासाठी थांबणाऱ्या) विनंतीची मुदत मूळच्या १००० मिलिसेकंदांवरून ३०० वर आणली आहे. मुदत कमी केली की उडी टॅग्जवर जाण्याचं प्रमाण वाढणार, आणि टॅग्जला फक्त नाव कळतं. दोन क्लासमध्ये 'इनिट' असेल तर भलत्याच 'इनिट'वर नेईल. त्यामुळे उत्तर कुठून आलं, 'सर्व्हर' की 'टॅग्ज', हे प्रत्येक उडीला खालच्या ओळीत दाखवतो. ही सोय बंद करता येणार नाही, मुद्दामच.

तिचा खरा उपयोग मराठी मजकुराच्या ओळींवर दिसतो. चाचणीचा सी++ प्रोग्रॅम पंचगंगेच्या पातळीचा आहे: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. संदेश पाठवणाऱ्या ओळीत आधी "राजाराम बंधारा" ही स्ट्रिंग येते, त्यानंतर फंक्शनचं नाव. एलएसपी, म्हणजे एडिटर आणि लँग्वेज सर्व्हर यांच्यातला प्रोटोकॉल, ओळीतली जागा सांगताना मुळात यूटीएफ-१६ या एन्कोडिंगची एककं मोजतो. या स्ट्रिंगची ती १४ भरतात. निओव्हिमचा कॉलम बाइटमध्ये असतो, आणि बाइट होतात ४०. कॉलम तसाच पाठवला तर सर्व्हर २६ जागा पुढे बघतो, काहीच सापडत नाही म्हणतो, आणि टॅग्ज गुपचूप उत्तर देऊन टाकतात. उडी बरोबर लागते, चूक झाकलेली राहते. कोड पॉइंट (युनिकोडमधले चिन्हांचे क्रमांक) मोजूनही भागत नाही, कारण बऱ्याच इमोजींचा कोड पॉइंट एक असला तरी एककं दोन असतात.

उपाय: सर्व्हरला पाठवायची जागा तयार करणाऱ्या मेक_पोझिशन_पॅराम्सला त्या क्लायंटचं (सर्व्हरशी बोलणारा एडिटरचा भाग) ऑफसेट_एन्कोडिंग द्या. एलएसपीच्या ३.१७ आवृत्तीपासून सर्व्हर आणि एडिटर यूटीएफ-८ ठरवून घेऊ शकतात, तेव्हा १६ गृहीत धरू नका. परतीच्या वाटेवर स्ट्र_बाइटइंडेक्सने बाइट काढून १ मिळवा. एलएसपी शून्यापासून मोजतो, शोधात कॉलम सांगणारा \%सी एकपासून.

क्लँगडीला (सी++ चा लँग्वेज सर्व्हर) प्रोजेक्ट कसा कंपाईल होतो हे नीट कळावं म्हणून कंपाईल_कमांड्स.जेसन ही फाईल द्या. सीमेकमध्ये सीमेक_एक्सपोर्ट_कंपाईल_कमांड्स 'ऑन' करा, नुसत्या मेकसाठी बेअर हे साधन वापरा. इंडेक्स पूर्ण होईपर्यंत क्लँगडी दुसऱ्या फाईलमधल्या डेफिनिशनऐवजी हेडरमधल्या डिक्लरेशनवर नेतो. अशा वेळी खाली 'सर्व्हर' असंच दिसतं. इंडेक्सिंग चालू असल्याची खूण त्याच ओळीत आणायचं काम बाकी आहे.