हायकोर्टाच्या जजची परीक्षा कुठली?

तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, त्यामुळे बारावीचा निकाल लागला की प्रश्न ठरलेला: "वकीलसाहेब, पोराले हायकोर्टाचा जज बनाचं हाय. कोनती परीक्षा द्या लागते?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. परीक्षाच नाही.

परीक्षा असते ती खालच्या कोर्टाची. एमपीएससीतून दिवाणी न्यायाधीश होता येतं, 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून त्यालाही आधी तीन वर्षं वकिली लागते. तिथून चढत चढत जिल्हा न्यायाधीश, आणि वय उरलं तर हायकोर्ट, कारण तिथली निवृत्ती 62 व्या वर्षी. दुसरी वाट हायकोर्टात किमान दहा वर्षं वकिली केलेल्यांची.

वाट कुठलीही असो, नाव कॉलेजियमनेच काढायचं. म्हणजे हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती. मग फाईल राज्य सरकारकडे, दिल्लीला कायदा मंत्रालयात, गुप्तचर खात्याचा अहवाल, सरन्यायाधीश आणि त्यांचे दोन ज्येष्ठ सहकारी, शेवटी राष्ट्रपतींची सही. मध्येच कुठे अडली तर विचारायची सोय नाही.

या निवडीत सरकारला वाटा देणारा आयोग सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये रद्द केला. मला ते पटलं. धरणात गेलेल्या शेताच्या वाढीव मोबदल्याचं अपील घेऊन माझा पक्षकार नागपूरला जातो, तेव्हा समोर सरकारच उभं असतं.

खटकतं ते वेगळंच. नागपूरचं आहे ते खंडपीठ. 1936 पासून इथं स्वतंत्र हायकोर्ट होतं, 1956 मध्ये राज्यं नव्याने आखली तेव्हा ते जबलपूरला गेलं आणि विदर्भ मुंबई हायकोर्टाला जोडला गेला. आता मंजूर 94 न्यायमूर्तींत मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा, कोल्हापूर सगळं भागवायचं. आणि निवडणाऱ्यांना दिसणार तो त्यांच्यापुढे रोज उभा राहणारा वकील. आमच्या बार रूममध्ये उलटतपासात भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडणारे आहेत, त्यांचं नाव मुंबईत कोण घेणार? अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश झालेच की, असं लोक म्हणतात. झाले, पण वकिली नागपूर खंडपीठात केली होती.

म्हणून पोराला सांगा, एलएलबी झाल्यावर माझ्याकडे येऊ नको, नागपुरात चांगल्या सिनियरकडे लाग. सुरुवातीची काही वर्षं खोलीभाडं आणि मेसचे पैसे घरूनच पाठवावे लागतील. तेवढी तयारी असेल तर घेऊन या त्याला, एक-दोन सिनियर ओळखीचे आहेत.