तुम्ही विचारलंत म्हणून: 'चित्र बरं येतं, स्टोरीबोर्ड शिकायचाय, टॅब कुठला घेऊ?'

हा प्रश्न जवळपास याच शब्दांत येतो, विचारणारे तेवढे बदलतात. कधी आर्ट कॉलेजातली मुलगी असते, कधी आयटीतली नोकरी सांभाळून शॉर्टफिल्म करू पाहणारा, तर कधी 'आमच्या चिरंजीवांना इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे' असं फोनवर सांगणारे बाबा. मी जाहिरातपटांसाठी आणि मधूनअधून सिनेमासाठी स्टोरीबोर्ड काढते. म्हणजे शूटिंगच्या आधी प्रत्येक शॉट कसा दिसणार, कॅमेरा कुठे उभा राहणार, कोण कुठून आत येणार हे चौकटींमध्ये काढून द्यायचं. पूर्वी सहा चौकोन छापलेल्या कागदाच्या झेरॉक्सवर मार्करने चालायचं, आता सगळं स्क्रीनवर. त्यामुळे लोकांना वाटतं की मेख यंत्रात आहे.

टॅबचं आधी उरकून टाकते. शिकायला बसलेल्या माणसाने बिनस्क्रीनचा छोटा पेन टॅबलेट घ्यावा. वॅकॉम, ह्यूऑन, एक्सपी-पेन, जो खिशाला परवडेल तो. घरात आयपॅड आणि त्याची पेन्सिल असेल तर प्रोक्रिएट हे चित्रं काढायचं ॲप घ्या, विषय संपला. स्क्रीनवरच काढता येणारे डिस्प्ले टॅबलेट सुखाचे असतात, पण ते पहिल्या कामाचे पैसे हातात आल्यावर. खोक्यावर '८१९२ प्रेशर लेव्हल', म्हणजे पेनचा दाब ओळखायच्या पायऱ्या, असं ठळक छापलेलं असतं. मी त्यातल्या दोन वापरते, हलकी आणि जड. मात्र टॅबलेट जोडल्यावर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा आकार तुमच्या स्क्रीनच्या प्रमाणात बांधून घ्या. नाहीतर तुम्ही वाटोळं काढाल, समोर अंडं उमटेल आणि आपला हात बिघडला असं समजून निष्कारण झुरत बसाल. हात टेबलावर आणि नजर समोर ही कवायत सुरुवातीला सगळ्यांनाच जड जाते. मनगट आखडू न देता कोपरापासून रेघ ओढली की लवकर जमते.

सॉफ्टवेअरला पैसे घालायची गरज नाही. क्रिता फुकट आहे, आणि डिसेंबर २०२१मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून त्यात स्टोरीबोर्डसाठी वेगळी सोय आहे. 'स्टोरीबोर्डर' या नावाचंच एक फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात ब्रश मोजकेच आहेत, आणि तोच त्याचा गुण आहे. ॲनिमेशन स्टुडिओंत टून बूमचं स्टोरीबोर्ड प्रो चालतं. ते महाग आहे, आणि तिथे काम लागलं की तेच तुम्हाला त्याच्यापुढे बसवतात.

आता ए ग्रेडबद्दल. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या माणसाकडे एक भांडवल नक्की असतं, ते म्हणजे स्मरणचित्राचा सराव. समोर काहीही नसताना आठवडी बाजार काढायचा, बसस्टॉप काढायचा, पाणी भरणाऱ्या बाया काढायच्या. बोर्डच्या कामाला हेच लागतं. दिग्दर्शक बोलत असतो आणि तुम्ही काढत असता, फोटो शोधायला सवड कुणाला असते? पण त्याच पेपरने एक खोडही लावलेली असते. ते चित्र आठवून बघा. एका बाजूला झाड, मागे घरं, मध्ये चार माणसं, सगळी डोक्यापासून पायापर्यंत आणि सगळी नीट दिसतील अशी वळलेली. ते दृश्य बघणारा माणूस परीक्षेच्या वर्गात दाराशी उभ्या असलेल्या सुपरवायझरसारखा असतो. लांब उभा, सगळ्यांवर सारखंच लक्ष, कुणाशीही देणंघेणं नाही. बोर्ड शिकायला येणाऱ्या बहुतेकांच्या सुरुवातीच्या फ्रेम याच नजरेने काढलेल्या असतात. चित्र सुरेख, कॅमेरा बेपत्ता.

म्हणून मी सगळ्यांना एकच प्रसंग देते. एक बाई रिक्षातून उतरते, पर्समध्ये हात घालते, पाकीट नाही. संवाद नाही. सहा ते आठ फ्रेममध्ये काढा.

बहुतेक जण लगेच रिक्षा काढायला घेतात. थांबा. पाकीट नाही हे आधी कुणाला कळतं, ते ठरलंय का? पहिल्याच फ्रेममध्ये घरातल्या टीपॉयवर राहिलेलं पाकीट दाखवलंत, तर पुढचा सगळा प्रवास प्रेक्षक जीव मुठीत धरून करेल आणि मीटरचा वाढणारा प्रत्येक आकडा त्याला टोचेल. नाही दाखवलंत, तर धक्का तिला आणि त्याला एकदमच बसेल. आणि रिक्षावाल्याला आधी कळलं तर? आरशात त्याचे डोळे, आरशाच्या कडेला पर्स उपसणारा तिचा हात, एवढीच फ्रेम. गोष्ट एकदम त्याची झाली. आता हा भडकणार की 'राहू द्या ताई' म्हणणार, याकडे आपलं लक्ष लागतं. बाई तीच, रिक्षा तीच, भाडंही तेच. या तीन बोर्डांमध्ये चित्रकलेचा काही फरक नाही. काडीच्या माणसांनीही हे तिन्ही बोर्ड काढता येतात, आणि मी पहिल्यांदा काडीच्या माणसांनीच काढायला लावते. ए ग्रेडवाल्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो.

याच रिक्षात पुढची अडचण बसलेली असते. आपल्याकडे रिक्षात डावीकडून चढतात-उतरतात. कॅमेरा फुटपाथवर ठेवला की रिक्षाचं तोंड फ्रेमच्या डावीकडे येतं. म्हणजे रिक्षावाला डावीकडे, बाई उजवीकडे. ती त्याच्याकडे बघते तेव्हा डावीकडे बघते, तो मान मागे वळवून बघतो तेव्हा उजवीकडे. दोघांचे वेगवेगळे क्लोजअप काढले तरी ती एकमेकांकडे बघतायत हे कळतं. मग कुणाला तरी सुचतं की तिचा एक क्लोजअप रस्त्याच्या बाजूने घेऊ, उजवीकडच्या आडव्या दांड्यामागून. फ्रेम झकास दिसते. दांडा पुढे धूसर, मागे तिचा कावराबावरा चेहरा. पण आता ती उजवीकडे बघतेय, आणि आधीच्या फ्रेममध्ये तोही उजवीकडेच बघत होता. जोडून पाहिलं तर दोघंही रस्त्यावरच्या तिसऱ्याच कुणाकडे बघतायत असं वाटतं. दोघांना जोडणारी एक मनातली रेघ धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा पुस्तकांतला १८० अंशांचा नियम. तो मोडला की सेटवर लाइन क्रॉस झाली म्हणतात. नियम मोडता येतो. मध्ये एक फ्रेम रिक्षाच्या बरोबर समोरून घेतली, किंवा कॅमेरा फिरून पलीकडे जाताना दाखवला, की प्रेक्षक आपल्याबरोबर लाइन ओलांडतो.

संगणकावर काढणाऱ्याला इथे एक मोह होतो. चौकट आडवी उलटवायचं बटण असतं. ते दाबलं की बाई पुन्हा डावीकडे बघायला लागते, सगळं जुळलं! फक्त दांडा आता फुटपाथच्या बाजूला आलेला असतो आणि बाईला उतरायला वाट राहत नाही. लोकेशनवर असिस्टंट डिरेक्टर तुमचा बोर्ड हातात घेऊन खऱ्या रिक्षासमोर उभा राहतो तेव्हा हे कळतं. म्हणून प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला वरून दिसणारा नकाशा काढायची सवय लावा. रिक्षाचा आयत, माणसांचे दोन गोळे, आणि कॅमेऱ्याच्या प्रत्येक जागेसाठी एक 'व्ही'.

मग डिजिटलने मिळतं काय? मला विचाराल तर दोन गोष्टी. एक म्हणजे टाकून देता येतं. डिस्नीच्या स्टुडिओत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला सुटे कागद बोर्डवर टाचायची पद्धत पडली. वॉल्ट डिस्नी त्याचं श्रेय वेब स्मिथ या आपल्या कलाकाराला देत. त्या पद्धतीची सगळी गंमत कागद सुटे असण्यात होती. नाही पटला तर काढला, दोघांच्या मध्ये तिसरा घुसवला, शेवटचा उचलून पहिला लावला. स्क्रीनवर हेच बोटाच्या एका ओढीत होतं. पण त्याच स्क्रीनवर झूम आहे, आणि झूमने आजवर कितीतरी चांगल्या हातांचा वेळ खाल्लाय. तीनशे टक्के मोठं करून पदराचे काठ रंगवलेली फ्रेम टाकून द्यायचा जीव होत नाही. दिग्दर्शक म्हणतो 'हा शॉट नको', आणि आपण भांडायला उठतो. तो भांडण शॉटसाठी आहे असं समजतो. खरं तर ते काठांसाठी असतं.

मी १९२० बाय १०८०ची चौकट घेते आणि ती काडेपेटीएवढी दिसेल इतकी लहान करून काढते. तीन लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, असतात. फिक्या निळ्या रेघेत कच्चं, त्यावर काळी रेघ, आणि रेघेखाली राखाडीच्या दोन छटा. रंग नाही. एखादी लाल वस्तू गोष्टीत महत्त्वाची असेल तर तेवढीच लाल. काडेपेटीच्या आकारात माणूस कोण, कुठे बघतोय आणि उजेड कुठून येतोय हे कळलं की फ्रेम झाली. सत्यजित राय जाहिरात कंपनीत नोकरी करत होते तेव्हाची गोष्ट. 'पथेर पांचाली'साठी त्यांच्याकडे नेहमीसारखी लिहिलेली पटकथा नव्हती, होती ती शाईने काढलेल्या दृश्यांची वही आणि टिपणं. निर्मात्यांना ते हेच दाखवत. चित्रपट १९५५मध्ये आला, आणि ती वही पुढे पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहालयाला गेली. ती पानं कुठे पाहायला मिळाली तर जरूर पाहा. ब्रशचे काळे फटकारे आहेत, तपशील जवळपास नाहीच, आणि तरी दृश्यातली हवा कळते. राय उत्तम चित्रकार होते, मनात आणलं असतं तर पानन् पान सजवलं असतं.

दुसरी गोष्ट वेळ. कागदावरच्या फ्रेमला लांबी नसते, स्क्रीनवरच्या फ्रेमला देता येते. फ्रेम ओळीने लावायच्या, प्रत्येकीला सेकंद द्यायचे, खाली मोबाइलवर स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड केलेले संवाद टाकायचे. याला ॲनिमॅटिक म्हणतात. आपल्या बाईच्या पर्समधल्या हाताची फ्रेम एक सेकंद ठेवली तर ती वेंधळी वाटते. चार सेकंद ठेवली की तिच्या पोटात गोळा आलाय हे दिसतं. चित्र एका रेघेनेही बदललेलं नसतं. जाहिरातीत तर हा हिशोब रोकडा असतो. ३० सेकंदांतले शेवटचे काही डबी आणि लोगोचे, ते सोडून उरलेल्या वेळात गोष्ट बसवायची. कागदावर बसलेली दिसते, ॲनिमॅटिक लावला की ऊतू जाते. मग कुठली फ्रेम गाळायची यावर एजन्सी, दिग्दर्शक आणि क्लायंट यांच्यात जे चालतं ते लिहायला वेगळा लेख लागेल. शिकणाऱ्याने हे दुसऱ्याच आठवड्यात सुरू करावं, चित्र सुधारायची वाट बघू नये. आणि सध्या तीच जाहिरात उभ्या ९:१६ चौकटीतही मागतात. रिक्षातली दोन माणसं उभ्या चौकटीत बसवून बघा, घाम फुटेल.

याच्या पाठोपाठ हल्ली ठरलेला प्रश्न येतो, 'पण आता हे एआय करत नाही का?' पिचला, म्हणजे काम मिळवायच्या सादरीकरणाला नेण्यासाठी, क्लायंटला मूड दाखवण्यासाठी गुळगुळीत चित्रं आता तशीच करून घेतात, आणि त्या प्रकारची कामं माझ्याकडेही कमी येतात. शूटिंग बोर्डचं गणित निराळं आहे. कॅमेरामन त्यावरून लेन्स ठरवतो. आर्ट डिपार्टमेंट बघतं की सगळ्या फ्रेममध्ये खोलीची डावी भिंतच दिसतेय, मग उजवी बांधायची कशाला? पाचव्या फ्रेममध्ये खिडकी डावीकडे आणि आठवीत उजवीकडे गेली तर कुणाचे तरी पैसे भिंतीत गेले. तो हिशोब डोक्यात ठेवणाऱ्या माणसाला अजून बोलावतात. पुढचं पुढे.

काम मागायला जाताना सुटी सुंदर चित्रं नेऊ नका. एक प्रसंग पूर्ण न्या, वीस-पंचवीस फ्रेमचा, नकाशासकट, आणि त्याचाच ॲनिमॅटिक. पीडीएफ व्हॉट्सॲपवर झटकन उघडेल एवढीच जड ठेवा, कारण दिग्दर्शक ती गाडीत बसून मोबाइलवर बघतो. फ्रेमचा नंबर मोठा लिहा. बारा आणि तेराच्या मध्ये फ्रेम वाढली तर ती १२अ करा, पुढचे नंबर हलवू नका, प्रॉडक्शनने जुन्या नंबरांवर दिवसाचं शेड्यूल छापलेलं असतं. पैसे बहुतेक ठिकाणी फ्रेममागे ठरतात. त्यात बदल किती वेळा करून देणार हे काम सुरू व्हायच्या आधी मेसेजवर लिहून घ्या, फोनवरचं बोलणं नंतर कुणालाच आठवत नाही.