उरलेल्या डाळीचं थालीपीठ

शनिवारी बाबांच्या पंचाहत्तरीला आम्ही नऊजण हॉटेलात जेवलो. मागवताना हात सैल सुटला आणि दोन वाट्या दाल तडका, चार तंदुरी रोट्या, थोडा जिरा राईस उरला. सगळं बांधून आणलं आणि आल्या आल्या फ्रीजमध्ये ठेवलं. भात तर मी दोन तासांच्या वर बाहेर ठेवतच नाही. त्यातले काही जंतू शिजवूनही तग धरतात, आणि त्यांनी भातात सोडलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

सकाळी डाळ थिजून घट्ट झाली होती. पाणी अजिबात घातलं नाही. त्या डाळीतच मावेल तेवढी भाजणी, एक बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तीळ. मीठ नको, हॉटेलच्या डाळीत पुरेसं असतं. ओल्या फडक्यावर थापलं, पाच भोकं पाडून त्यांत तेल सोडलं. कडा तांबूस होऊन सुटायला लागल्या की उलटायचं. डाळीतल्या लसणाचा आणि भाजणीतल्या धण्यांचा वास एकत्र सुटला, तशी आई देवघरातून उठून ओट्यापाशी आली.

रोट्या चिवट झालेल्या, म्हणून मिक्सरमधून एकदाच फिरवल्या. मोहरी, हिंग, कढीपत्ता, शेंगदाणे, वर ताकाचा हबका. मैद्याच्या रोटीला ताक हवंच, नाहीतर घास घशात अडकतो.

बाबांनी दह्याबरोबर तीन थालीपिठं खाल्ली. "कालच्या जेवणापेक्षा हेच आवडलं गं," म्हणाले. भाताला दुपारी लसणाची फोडणी दिली.